व्हॅन आहे, सराय नाही

'व्हॅन' हा शब्द इंग्रजीने आपल्याला दिला असे आपण समजतो. खरे तर तो पूर्वेकडून तिकडे गेलेला आणि निम्मा होऊन परत आलेला शब्द आहे. फारसीतला 'कारवान' युरोपात गेला, तिथे त्याचा 'कॅराव्हॅन' झाला. इंग्रजांनी त्याचा पुढचा भाग छाटून 'व्हॅन' केले आणि १९८४ साली मारुतीच्या कारखान्यातून तो आपल्या गल्लीबोळांत येऊन उभा राहिला. उर्दूच्या तासाला नववी-दहावीच्या मुलांना ही व्युत्पत्ती सांगितली की ती खूश होतात. आपल्या पुस्तकातला शब्द जगभर हिंडून आला याचा तो आनंद असतो. पण या शब्दाचा एक जोडीदार होता, तो मात्र वाटेत कुठेतरी राहून गेला. कारवान रात्री जिथे उतरे ती जागा म्हणजे सराय. 'कारवानसराय' असा एकच जोडशब्द होता. आज कारवान व्हॅन होऊन दारात उभा आहे. सरायचे काय झाले, हा प्रश्न एक जुनी व्हॅन विकत घेतल्यानंतर आम्हाला पडू लागला.

या लेखातले 'आम्ही' हे संपादकांचे 'आम्ही' नव्हे. त्या गाडीत आम्ही चौघे असतो, नवरा-बायको आणि दोन मुले. जे सुचले ते चौघांच्या बोलण्यातून सुचले, म्हणून एकट्याने 'मी' म्हणायला जीभ वळत नाही.

गाडी २००३ची मारुती ओम्नी. १९८८ पर्यंत हिला नुसते 'मारुती व्हॅन' हेच नाव होते आणि आमच्या सोलापुरात लोक अजून तेच म्हणतात. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे लहानसे इंजिन, तेही पुढच्या आसनाखाली. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये गाडी चालवणाऱ्याला बसल्या जागी शेक मिळतो. सरकत्या दारामुळे हिंदी सिनेमावाल्यांनी हिला मुले पळवणाऱ्यांची गाडी करून ठेवले. प्रत्यक्षात हिच्यातून शाळेची मुले गेली, भाजी गेली, अंड्यांचे ट्रे गेले, लग्नाची भांडी गेली, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे म्हातारे गेले. २०१९ साली हिचे उत्पादन थांबले. नवे सुरक्षेचे नियम आणि २०२० पासून लागू व्हायची भारत स्टेज सहाची अट यांत हा जुना सांगाडा बसणारा नव्हता.

आमच्याकडे ती २०१८ मध्ये आली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती संपत आली म्हणून पहिल्या मालकाला ती नकोशी झाली होती. महिन्याच्या पगाराहून थोड्या अधिक पैशांत सौदा झाला. गाडीची लांबी ३.३७ मीटर, रुंदी १.४१ मीटर. एवढ्याशा जागेत घर कसे मांडायचे हा आमचा पहिल्या वर्षाचा छंद होता. मागचे आसन पुढे दुमडायचे, त्यावर बिजागरीने जोडलेल्या प्लायवुडच्या तीन फळ्या पसरायच्या, वर गादी आणि सरकत्या दाराला मच्छरदाणीचा पडदा. आत तिघे झोपतात. चौथा पुढच्या आसनावर अवघडतो किंवा बाहेर घडीच्या खाटेवर. कायद्याने गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही म्हणून काहीही ठोकलेले नाही, सगळे उचलून खाली ठेवता येते. स्टोव्ह नेहमी गाडीबाहेर पेटतो. बंद गाडीत शेगडी पेटती ठेवून झोपणारी माणसे कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच दगावतात, आणि त्या वायूला वास नसतो. पाऊस असेल त्या रात्री चिवडा आणि केळी.

मित्रमंडळी दोन आक्षेप घेतात. एक, मुलांना घेऊन अशा गाडीत हिंडणे बेजबाबदारपणाचे आहे. हे उडवून लावण्यासारखे नाही. हिला एअरबॅग नाही. इतर मोटारींना निदान समोर इंजिनाचा आडोसा असतो. हिच्यात चालवणाऱ्याचे गुडघे आणि समोरून येणारा ट्रक यांच्यामध्ये पत्रा आणि काच. म्हणून आम्ही दिवस मावळल्यावर चालवत नाही, साठच्या पुढे काटा जाऊ देत नाही, आणि जिथे मागच्या चारपदरी रस्त्याला पर्याय असेल तिथे गावातून जाणारा जुना रस्ता धरतो. दुसरा आक्षेप धुराचा. जुने जपणे म्हणजे पुण्य आणि नवे घेणे म्हणजे उधळपट्टी, असे सरसकट मानणाऱ्यांत आम्ही नाही. आमच्या काटकसरीचा धूर दुसऱ्याच्या फुफ्फुसात जात असेल तर ती काटकसर कसली? गाडी वर्षाला फार तर दोन हजार किलोमीटर फिरते, शाळेला आम्ही दुचाकीने जातो, आणि धुराची तपासणी चुकवत नाही. एवढ्यावर मनाची समजूत घालतो. ती पुरती पटली आहे असा दावा नाही. सरकारही आपल्या परीने समजावत असते. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० झाले. आमचे पुढचे नूतनीकरण २०२८ मध्ये आहे, तेव्हा गाडीपेक्षा कागद महाग पडेल अशी चिन्हे आहेत.

पण हे सगळे हिशेबाचे प्रश्न. आकडे मांडले की उत्तर निघते, कडू असले तरी निघते. ज्याचे उत्तर हिशेबाने निघत नाही तो प्रश्न संध्याकाळी पाच वाजता सुरू होतो: आज रात्री थांबायचे कुठे?

दिवसभर स्टिअरिंगवर हात असताना माणसाला आपण मुखत्यार आहोत असे वाटते. गाडी आपली, पेट्रोल आपले, वाट आपली. इंजिन बंद केले की कळते, ज्या जमिनीवर चाके टेकली आहेत ती दुसऱ्याची आहे. चालत्याला कोणी हटकत नाही. थांबला की सगळे विचारतात. नळदुर्गच्या किल्ल्यात आम्ही कितीदा तरी गेलो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली बोरी नदीचे पाणी अडवून बांधलेला तिथला पाणीमहाल पावसाळ्यात पाहावा. विजापूर सोलापूरपासून शंभरेक किलोमीटर. गोलघुमटात मुलांनी आपल्या नावाचे पडसाद ऐकले. या वास्तू आपल्या पूर्वजांच्या म्हणून आपण कितीही मिरवले, तरी संध्याकाळ झाली की पहारेकरी शिट्टी वाजवतो आणि पूर्वजांचे वारस बाहेर. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. शासकीय विश्रामगृह साहेबलोकांसाठी. लॉजवर जायचे तर व्हॅन कशाला बाळगायची? उरतो ढाबा, पेट्रोल पंप आणि कुणाचे तरी शेत.

इथे पुन्हा शब्दांकडे येतो, सवय आहे. उर्दूत 'मंज़िल' म्हटले की मुले 'ध्येय' असा अर्थ लिहितात. मूळ अरबीत मंज़िल म्हणजे उतरण्याची जागा, रात्रीपुरता पडाव. मराठीने तो अर्थ उर्दूपेक्षा चांगला सांभाळला. 'मजल दरमजल' मधली मजल ती हीच. आणि 'मुक्काम' हा 'मक़ाम', म्हणजे उभे राहण्याची जागा. दोन्ही शब्दांत पोहोचण्याचा गर्व नाही. उतरायला, उभे राहायला कुणीतरी जागा द्यावी लागते, एवढेच त्यांत आहे.

नळदुर्गच्या अलीकडे एका डिसेंबरात आम्ही रस्त्यालगतच्या शेतात विचारायला गेलो. शेतकरी सत्तरीचा असावा. बांधावर बसून त्यांनी आधी गाडीकडे पाहिले, मग मुलांकडे.

"कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

"सोलापूर. शाळेत शिकवतो."

"नाव काय?"

नाव सांगितले. त्यानंतर जो क्षण जातो तो आम्हाला ओळखीचा आहे, वाचकांनाही असेल. त्या क्षणात दरवेळी वैर असते असे नाही. समोरचा माणूस कित्येकदा एवढाच विचार करत असतो, की उद्या गावात कुणी विचारले तर काय सांगायचे. म्हातारबाबा म्हणाले, "ऱ्हावा की. पर त्यो कडबा बघा. चूल त्याच्यापासनं लांब घाला. आन् सकाळी जाताना मला सांगून जावा, न सांगता जाऊ नगा."

या दोन अटींवर आम्ही त्या रात्री बराच वेळ बोललो. कडब्याची गंज म्हणजे त्यांच्या जनावरांचा वर्षाचा घास. आमच्या स्टोव्हची एक ठिणगी आणि तो घास गेला. आणि सांगून जायचे ते का? तर रात्रीतून कुणाची शेळी गेली, मोटार-पंपाची केबल गेली, तर 'पाव्हणे सांगून गेले, मी पाहिले' असे म्हणता यावे म्हणून. त्यांनी आम्हाला जागा दिली तेव्हा जागेबरोबर स्वतःची पतही गहाण ठेवली. आपण परवानगी मागतो तेव्हा फार तर नकाराची तयारी ठेवतो. देणाऱ्याने 'हो' म्हटले की त्याच्या अंगावर काय येते हे आपण मोजत नाही. 'अमानत' आणि 'अमन' हे एकाच धातूचे शब्द आहेत, असे वर्गात फळ्यावर लिहून देतो. त्या बांधावर ते समजावून सांगायची गरज नव्हती.

नकारही मिळतात. एका ठिकाणी गाडी पाहूनच लोकांनी हात हलवला. आम्ही राग धरला नाही, कारण त्या काळात हवाच तशी होती. आम्ही गाडी घेतली त्याच वर्षी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी गावोगाव हिंडणारे लोक होते, आणि त्यांतले बहुतेक आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे. त्यांनी ना कुणाचे मूल उचलले होते ना कुणाचा कडबा जाळला होता. अनोळखी गावात ते थांबले होते, इतकेच.

आमच्यात आणि त्यांच्यात फरक काय होता? सिनेमाने बदनाम केलेली गाडी तर आमच्याकडे होती. पण आमच्याकडे आर.सी. होते, शाळेचे ओळखपत्र होते, आणि विचारले तर सांगता येईल असा पत्ता होता. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला तेव्हा ज्यांना ठावठिकाणा नाही अशा कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला. कागदावरून गेला म्हणू या. थांबणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची नजर त्याने दिली, ती अजून गेलेली नाही. आणि हौस म्हणून भटकणाऱ्या माणसाचे सगळे धैर्य त्याच्या घराच्या पत्त्यात असते. घर असलेल्यालाच गाडीत झोपण्याची मजा येते.

सोलापूर साखर कारखान्यांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडणी कामगारांचे तांडे येतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, त्यावर भांडी, कोंबड्या, मुले. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो; दोन माणसांना एका हत्याराचे नाव. शेताच्या कडेला पाचटाची कोपी उभी राहते आणि चार-पाच महिने तेच घर. आमच्या व्हॅनच्या खिडकीतून ती कोपी दिसते तेव्हा धाकटा म्हणतो, "अब्बा, यांचाही कॅम्प आहे." मुलाचे निरीक्षण चूक नाही. त्यांच्याकडेही चूल बाहेर आहे, पाणी कॅनमध्ये आहे, डोक्यावर तारे आहेत. फक्त सोमवारी त्यांची शाळा नाही. शिक्षक म्हणून आमचे लक्ष तिकडे जाणारच. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, त्यांतून काही मुले शिकलीही. पण पटावर नाव आणि फडात हात अशी मुले अजून दिसतात.

शाळेतल्या एका सहकाऱ्याने एकदा तोंडावर विचारले, "तुमचे हे कॅम्पिंग म्हणजे गरिबीचा खेळ नाही का? दोन दिवस गरीब होऊन बघायचे आणि रविवारी रात्री गिझरच्या पाण्याने आंघोळ." प्रश्न चांगला होता आणि आम्ही तो अजून डोक्यातून काढलेला नाही. पहिले उत्तर असे सुचले, की मुले घरघर खेळतात म्हणून बेघरांचा अपमान होत नाही. पण ते उत्तर टिकत नाही. मुले खेळतात तेव्हा ती कुणाची जागा अडवत नाहीत. आम्ही विहिरीजवळची सावली मागतो, तेव्हा तीच सावली कुणाला तरी गरजेपोटी हवी असू शकते.

आम्हाला वाटायचे, ही आपल्याकडचीच विषमता. पण जिथे व्हॅनमध्ये हिंडणे ही मोठी चैन समजली जाते त्या अमेरिकेतही हेच दोन तट आहेत. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंचे 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ मध्ये आले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. २००८च्या मंदीनंतर घराचे हप्ते आणि निवृत्तीची पुंजी गमावलेली साठी-सत्तरीची माणसे जुन्या व्हॅनमध्ये राहतात, हंगामी कामांसाठी एका राज्यातून दुसऱ्यात जातात. तीच गाडी, तीच गादी. शेजारी सुट्टीवर आलेला हौशी माणूस आणि हा, दिसायला सारखेच. पुढे जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास या शहराच्या खटल्यात निकाल दिला, की सार्वजनिक जागेत पथारी पसरून झोपणाऱ्याला शहर दंड करू शकते, मग त्याला दुसरीकडे निवारा असो वा नसो. झोप कुणाला चुकत नाही. ती घ्यायला जागा मात्र परवानगीची.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न त्याआधी चाळीस वर्षे आला होता. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या वतीने ओल्गा टेलिस यांनी केलेल्या खटल्याचा निकाल १९८५ मध्ये लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायमूर्तींनी म्हटले. आणि तरीही रीतसर सूचना देऊन फुटपाथ मोकळा करता येईल, असेही. बी.एड.ला असताना आम्ही या निकालाचा पहिला अर्धा भाग पाठ केला होता. दुसरा अर्धा गाडी घेतल्यावर वाचला.

या बाबतीत आपल्याकडच्या एका जुन्या तरतुदीने आम्हाला विचार करायला लावले. जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत त्यांत 'इब्नुस्सबील', म्हणजे शब्दशः 'वाटेचा मुलगा', वाटसरू, हा एक आहे. फिक्हचे जाणकार सांगतात, की तो आपल्या घरी संपन्न असला तरी चालेल. वाटेत त्याचे साधन तुटले तर तो हकदार. लहानपणी हे ऐकताना चमत्कारिक वाटायचे. श्रीमंताला जकात कशी? आता वाटते, त्यात प्रवासाची फार खरी ओळख आहे. गरिबी ही माणसाच्या मालमत्तेवर ठरते तशीच तो कुठे उभा आहे यावरही ठरते. घरापासून दोनशे किलोमीटरवर, क्लचची वायर तुटलेली, मोबाइल बंद पडलेला, अशा माणसाला त्याच्या सोलापुरातल्या घराचा त्या घटकेला काय उपयोग? पण याच तरतुदीची दुसरी बाजू अशी, की साधन जवळ असेल तर तो हकदार राहत नाही. खिशात पैसे, टाकीत पेट्रोल आणि परतीचा पत्ता असणारे आम्ही 'वाटेचे मुलगे' नव्हे. आमच्या सहकाऱ्याला द्यायचे उत्तर इथे कुठेतरी आहे. हौसेचे भटकणे हा गुन्हा नाही. मात्र हौशी माणसाने वाटसरूची सवलत मागू नये. जिथे खरा वाटसरू येऊ शकतो ती जागा आम्ही सोडतो, पाण्याचे पैसे देतो, आणि फुकटात मिळालेल्या मुक्कामाच्या गोष्टी आपली हुशारी म्हणून सांगत नाही.

सराय बांधणाऱ्यांना हे कळत होते. शेरशाह सूरीने (मृत्यू १५४५) आपल्या रस्त्यांवर ठरावीक अंतराने सराया बांधल्या. तिथे हिंदू आणि मुसलमान वाटसरूंच्या पाण्याची व जेवणाची सोय वेगवेगळी होती. आजच्या डोळ्यांना ते वेगळेपण खटकेल, पण दार एकच होते आणि दोघांसाठी उघडे होते. दिल्लीत सराय रोहिल्ला, सराय काले खाँ ही नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. वाटसरू तिथे उतरत नाही. आपल्या महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, कॅराव्हॅन उभ्या करण्यासाठी खास जागा, त्यात पाणी, वीज, स्वच्छतागृह. वाचून आम्हाला हसू आले आणि वाईटही वाटले. कारवान शब्द परतला तसा सरायही परतणार, पण ज्याच्याकडे आधीच घर आहे त्याच्यासाठी. पालात राहणाऱ्यांचा तांडा तिथे उतरू शकेल असे त्या कल्पनेत कुठे नाही.

आणि तरीही, न मागता मुक्काम मिळण्याची एक रीत आमच्याच जिल्ह्यात दरवर्षी दिसते. आषाढीच्या आधी आळंदी-देहूहून पालख्या निघतात, वीसेक दिवस चालून पंढरपुरास पोहोचतात. मुक्कामाची गावे ठरलेली. लाखो माणसे शाळेच्या ओसरीत, शेतात, ट्रकखाली, अंगणात झोपतात. तुकोबांच्या पालखीचा पहिला विसावा देहूतच अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी असतो, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. तेवढ्या दिवसांत कुणी कुणाला 'तुम्ही कोण' विचारत नाही. म्हणजे संशयाची नजर बाजूला ठेवता येते, समाजाला ते जमते. वर्षातले वीस दिवस जमते, मग उरलेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न आम्ही वारकरी मित्रांना विचारला. ते म्हणाले, "तुमच्या मोहल्ल्यात विचारा."

विचारण्याची वेळ आली. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर एक तीनचाकी टेम्पो येऊन थांबला. मागे ताडपत्री, आत एक कुटुंब, लोखंडी कढया-तवे विकणारे. दुसऱ्या दिवशी मगरिबच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चर्चा सुरू झाली. लहान मुले आहेत गल्लीत. रात्री कोण येते, कोण जाते? प्लॉटच्या मालकाला कळवा. एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, तुमचा व्हॅनवाला अनुभव आहे, तुम्ही बोला." आम्ही जाऊन बोललो. नळदुर्गच्या म्हातारबाबांच्याच दोन अटी घातल्या: चूल विजेच्या तारांखाली नको, आणि जाताना सांगून जा. पाण्यासाठी आमच्या दाराचा नळ दाखवला. गल्लीत सगळ्यांना हे आवडले असे नाही. दोघा-तिघांनी बरेच दिवस सलाम तुटक केला. मालकाने काहीच कळवले नाही, कारण त्याचा नंबर कुणाकडेच नव्हता.

चार दिवस ते राहिले. जायच्या आदल्या संध्याकाळी टेम्पोवाला सांगायला आला. आमची व्हॅन दारात उभी होती. त्याने तिला एक फेरी घातली, सरकते दार दोनदा उघडून मिटले, पत्र्यावर बोटाने वाजवून पाहिले आणि विचारले, "चाचा, ही विकायची आहे का?"

विकायची नाही, असे सांगितले.

"झोपायला बरी आहे. यात किती जण मावता तुम्ही?"

"तिघे. चौथा बाहेर."

तो हसला. "आम्ही सात आहोत," म्हणाला, आणि मग रेडिएटर गळत होता तिथे बोट दाखवून एक ओळखीचा कारागीर सुचवला, हैदराबाद रोडवरचा.